सिनेमात वाजलेली, पण श्रेयनामावलीत नसलेली ब्लूज गिटार कशी शोधायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथले प्रश्न बहुतेक इंग्रजी, त्यातही अमेरिकन सिनेमांबद्दलचे आहेत, कारण ब्लूज ही संगीतशैली तिथली आणि हे कोडंही बहुधा तिथल्याच सिनेमांत पडतं. हिंदी सिनेमासाठी प्रश्न १८ पाहा. पहिले दोन प्रश्न मात्र वगळू नका. पुढची निम्मी शोधाशोध त्यांवर ठरते.

१. पिक्चरमध्ये एवढी सुंदर गिटार वाजते आणि शेवटच्या नावांत तिचा पत्ताच नाही. असं कसं चालतं?

चालतं, आणि बहुतेक वेळा नियमाला धरूनच. शेवटी जी गाण्यांची यादी सरकते, तिच्यात साधारणपणे बाहेरून परवाना घेऊन वापरलेलं संगीत असतं. सिनेमासाठीच बसवलेल्या पार्श्वसंगीताचे तुकडे वेगवेगळे नोंदवत नाहीत. ते सगळे 'संगीत: अमुक' या एका ओळीत येतात.

तुमचा तुकडा या चारांपैकी एक असणार. पहिला प्रकार बाजारात आधीच आलेल्या रेकॉर्डचा. दुसरा, संगीतकाराने सिनेमासाठी रचून एखाद्या स्टुडिओ गिटारिस्टकडून वाजवून घेतलेला. तिसरा लायब्ररी म्युझिकचा, म्हणजे तयार ठेवलेलं, मिनिटाच्या भावाने मिळणारं संगीत. चौथा, चित्रीकरणाच्या वेळी पडद्यावरच्या वादकाने वाजवलेला. चौघांच्या वाटा वेगळ्या आहेत. लोक दुसऱ्या प्रकारचा तुकडा पहिल्या प्रकारच्या साधनांनी शोधत बसतात आणि कंटाळून सोडून देतात.

२. मग सुरुवात कुठून करू?

ॲप उघडण्याआधी कागद घ्या. तुकडा कुठल्या मिनिट-सेकंदाला सुरू होतो, कुठे संपतो आणि कुठल्या प्रतीत (डीव्हीडी, ब्लू-रे, ओटीटी, टीव्ही), हे लिहा. त्या प्रतीची एकूण लांबीही लिहा, प्रश्न ५ मध्ये ती लागेल. मग संगीत कुठून येतंय ते बघा. पात्रांना ते ऐकू येतंय का? ज्यूकबॉक्स, गाडीचा रेडिओ किंवा बारमधला बँड दिसत असेल तर पहिला किंवा चौथा प्रकार संभवतो. कोणी वाजवताना दिसत नाही आणि प्रसंग बदलल्यावरही सूर चालूच राहतो, तर बहुधा दुसरा. वीस-पंचवीस सेकंदांचा, हॉटेलच्या किंवा पेट्रोल पंपाच्या दृश्याखाली मंद वाजणारा तुकडा असेल तर तिसऱ्यावर संशय घ्या.

शेवटी कर्णबधिरांसाठीची इंग्रजी सबटायटल्स चालू करून तोच प्रसंग पाहा. नुसतं 'ब्लूज गिटार वाजते' एवढंच असतं बऱ्याचदा, पण कधीकधी गाण्याचं नावच लिहिलेलं सापडतं. फुकटचा आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय आहे हा.

३. थिएटरात बसल्या बसल्या फोनवर रेकॉर्ड केलं तर?

करू नका. २०२३च्या दुरुस्तीनंतर भारतात चित्रपटगृहात नक्कल करण्यासाठी रेकॉर्डिंग करणं हा तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख रुपये दंडाचा गुन्हा आहे. तुमचा हेतू चांगला होता हे दारावरच्या माणसाला पटवत बसावं लागेल. मध्यंतराच्या आधी की नंतर आणि कुठल्या प्रसंगात, एवढं लक्षात ठेवा. ओटीटीवर आल्यावर बघता येईल.

४. शाझामला काहीच सापडत नाही. म्हणजे ही रेकॉर्ड कधी निघालीच नाही का?

तसा निष्कर्ष लगेच काढू नका. शाझाम हे संगीत ओळखणारं ॲप चाल ओळखत नाही, ते एक विशिष्ट रेकॉर्डिंग ओळखतं. आवाजातले ठळक बिंदू, म्हणजे कुठल्या क्षणी कुठली कंप्रता जोरात आहे ते, टिपून त्यांच्या जोड्यांची तुलना साठ्यातल्या रेकॉर्डिंगशी होते. म्हणून गोंगाट थोडाफार चालतो, वेगातला फरक मात्र चालत नाही. तोच वादक तीच रचना दुसऱ्यांदा वाजवेल तर ती शाझामच्या लेखी वेगळी वस्तू.

तुकड्यातला संवाद नसलेला भाग निवडा. दहा सेकंद हवेतच, पंधरा-वीस असतील तर उत्तम. हेडफोन लावून त्याच फोनवर ऐकत असाल तर आयफोनच्या कंट्रोल सेंटरमधलं संगीत ओळखण्याचं बटण फोनच्या आतला आवाज थेट घेतं. त्यामुळे खोलीतल्या पंख्याचा आवाज मध्ये येत नाही. अँड्रॉइडवर शाझामची तरंगती खिडकी तेच काम करते. तुकड्याची सुरुवात, मधला भाग आणि शेवट असे तीन वेगळे भाग ऐकवा, कारण संकलकाने रेकॉर्ड मध्येच कापून जोडलेली असू शकते आणि नेमका जोड तुमच्या दहा सेकंदांत आला तर जुळणी फसते.

एवढं करून, प्रश्न ५ आणि ६ मधली दुरुस्ती करूनही काही हाती लागलं नाही, तर दुसरा किंवा चौथा प्रकार धरून चाला. 'सापडलं नाही' ही सुद्धा माहितीच आहे.

५. माझ्याकडे जुनी डीव्हीडी आहे. तिच्यामुळे काही फरक पडतो का?

खूप पडतो, आणि आपल्याकडे तर हमखास. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांच्या वेगाने बनतो. भारतात चालणाऱ्या पाल पद्धतीत २५ चित्रं असतात. त्यामुळे पाल डीव्हीडीवर किंवा जुन्या टीव्ही प्रक्षेपणात सिनेमा सुमारे चार टक्के वेगाने पळतो आणि सूर जवळजवळ पाऊण अर्धस्वर वर चढतो. १२० मिनिटांचा सिनेमा ११५ मिनिटं १२ सेकंदांत संपतो. लांबी लिहून ठेवायला सांगितलं ते यासाठी.

खात्री करायची तर गिटारचा ट्यूनर लावा. मोकळ्या तारेचा खर्ज 'ई' असायला हवा तिथे काटा 'एफ'च्या अलीकडे, साधारण ३० सेंट (अर्धस्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) उतरलेला दिसेल. गिटारच्या दोन पडद्यांच्या (फ्रेटच्या) मधोमध कुठेतरी अडकलेला सूर दिसला की पाल आठवा. काटा बरोबर 'ई फ्लॅट'वर स्थिरावत असेल तर वादकाने गिटारच अर्धा सूर उतरवून लावली आहे. इलेक्ट्रिक ब्लूजमध्ये हे सर्रास होतं आणि त्याचा वेगाशी संबंध नाही.

दुरुस्ती सोपी आहे. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज उघडा, इफेक्टमधून वेग आणि सूर एकत्र बदलणारा पर्याय घ्या आणि गुणक ०.९६ द्या. मग पुन्हा शाझाम. काही डिस्कवर सूर आधीच खाली आणलेला असतो आणि फक्त लय पळते. तिथे नुसती लय चार टक्के कमी करा, नाहीतर दुरुस्तीच बिघाड होईल.

६. गिटारवर सतत संवाद आहेत. वेगळी कशी काढू?

प्रत ५.१ ध्वनीची असेल तर काम निम्मं झालेलं आहे. संवाद जवळजवळ पूर्णपणे मधल्या चॅनलवर असतात, संगीत डाव्या-उजव्या आणि मागच्या चॅनलांवर पसरलेलं असतं. ऑडॅसिटीत (सोबत एफएफएमपेग बसवलेलं हवं) फाइल उघडली की सहा पट्ट्या दिसतात: डावी, उजवी, मधली, सबवूफर, मागची डावी, मागची उजवी. तिसरी बंद करा. ऐका. अनेकदा मागच्या दोन पट्ट्यांवर गिटार एकटीच स्वच्छ मिळते.

दोनच चॅनल असतील तर 'मधलं काढून टाका' छापाचे इफेक्ट वापरायचा मोह होतो. गिटारही मधोमधच मिसळलेली असेल तर तीही जाते. जुन्या मोनो सिनेमात हा उपाय निरुपयोगीच आहे. तिथे डिमक्ससारखं आवाज वेगळे करणारं सॉफ्टवेअर वापरा. त्याच्या सहा भागांच्या मॉडेलमध्ये गिटार वेगळी निघते. मात्र अशी सोललेली गिटार थोडी पाण्यात बुडाल्यासारखी येते. कान तिच्यावर ओळख पटवू शकतो, ॲप कधी पटवतं कधी नाही, म्हणून मूळ आणि सोललेला असे दोन्ही नमुने देऊन पाहा.

आणखी एक युक्ती. त्याच सिनेमाची डब केलेली आवृत्ती लावा. संगीत आणि इतर आवाजांची पट्टी तीच असते, संवादांची लांबी बदलते. इंग्रजीत झाकलेला एखादा सेकंद हिंदी किंवा जर्मन आवृत्तीत उघडा पडतो.

७. गुणगुणून शोधता येत नाही का?

गुगलच्या ॲपमध्ये २०२०पासून ती सोय आहे, साउंडहाउंडमध्ये त्याच्याही आधीपासून. गाता येण्याजोगी ठळक चाल असेल तर जरूर करा, दहा-पंधरा सेकंद 'ना ना' करत. ब्लूज गिटारवर यश कमी येतं, कारण हजारो रेकॉर्डमध्ये तोच बारा मापांचा सांगाडा (प्रश्न ८) आणि त्याच पाच सुरांतली फिरत असते. पहिले तीन निकाल तीन वेगळ्या वादकांचे आले तर समजा की यंत्राने सांगाडा ओळखला, रचना नाही.

८. मला नोटेशन येत नाही. जाणकाराला विचारताना वर्णन कसं करू?

नोटेशनची गरज नाही, सरगम येत असेल तर आणखी सोपं. पाच गोष्टी सांगा.

लय: पंधरा सेकंदांतले ठोके मोजा आणि चारने गुणा. प्रत्येक ठोका आतून तीन भागांत झुलतोय का (याला शफल म्हणतात) की सरळ दोन भागांत पडतोय?

आवर्तन: ठरलेल्या ब्लूजमध्ये चार ठोक्यांची बारा मापं असतात, म्हणजे ४८ मात्रा, तीनतालाची बरोबर तीन आवर्तनं. आधाराचा सूर पहिली चार मापं 'सा'वर, दोन 'म'वर, दोन 'सा'वर, मग एक 'प', एक 'म' आणि शेवटची दोन परत 'सा'वर. दुसऱ्याच मापाला 'म'वर जाऊन परत येत असेल तर ते आवर्जून सांगा. आठ मापांचे, सोळांचे आणि आधार अजिबात न बदलणारेही ब्लूज असतात.

सूर: धानी रागाचे स्वर, सा, कोमल ग, म, प, कोमल नि, ओळखीचे वाटतात का? म आणि प यांच्यामध्ये तीव्र मध्यमाला ओझरता स्पर्श होतो का? शुद्ध गंधारही मध्येच डोकावतो का? ब्लूजचा गंधार कित्येकदा कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी ताणून ठेवलेला असतो. जोग ऐकणाऱ्याला दोन्ही गंधारांचं नवल वाटणार नाही, पण इथे ते एकाच तारेच्या ओढीत येतात.

वाद्य: लाकडी की इलेक्ट्रिक, धातूचा किंवा काचेचा तुकडा तारेवर घसरतोय का (प्रश्न ९), एक गिटार की दोन.

सोबत: पायाचा ठेका, हार्मोनिका, ड्रमवर ब्रश, मागे रेकॉर्डची खरखर. ही खरखर महत्त्वाची आहे. ती संगीताबरोबरच सुरू होऊन संगीताबरोबरच थांबत असेल तर खरी जुनी तबकडी वापरली असण्याची शक्यता वाढते. नुसता जुनेपणाचा आभास आणायला वरून टाकलेली खरखरही असते म्हणा.

९. मला तर ती आपल्या रेकॉर्डवरच्या हवाईयन गिटारसारखी वाटते. तीच आहे का?

नात्यातली आहे. हवाईयन गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांडी फिरवून वाजवतात. व्हॅन शिपले यांच्या सिनेगीतांच्या रेकॉर्ड ज्यांनी ऐकल्या, त्यांच्या कानात तोच आवाज असतो. ब्लूजची स्लाइड गिटार बहुधा नेहमीसारखी धरतात आणि करंगळीत काचेची किंवा धातूची नळी घालतात. बाकीची बोटं मोकळी राहतात. म्हणून ओळखायची खूण अशी: लांब मींडेच्या मध्ये पडद्यावर दाबलेले, तुटक, साधे सूर येतात का? येत असतील तर करंगळीवाली स्लाइड. सगळंच घसरत असेल, एकही सूर पायरीने येत नसेल, तर मांडीवरची असू शकते. आवाज पत्र्याचा, तीक्ष्ण आणि लवकर विझणारा असेल तर रेझोनेटर गिटार, जिच्या पोटात धातूचा शंकू असतो.

तारा कशा लावल्यात हेही शोधायला मदत करतं. मोकळ्या तारा छेडल्यावरच पूर्ण स्वरसंघ (कॉर्ड) वाजत असेल तर ते 'ओपन' ट्यूनिंग. 'ओपन डी' (डी-ए-डी-एफ शार्प-ए-डी) आणि 'ओपन जी' (डी-जी-डी-जी-बी-डी) ही स्लाइडची नेहमीची दोन घरं.

१०. वाजवण्याच्या ढंगावरून वादक ओळखता येतो का?

प्रांत ओळखता येतो, वादकाबद्दल जपून बोला. अंगठ्याने एकाआड एक खर्ज आणि वर बोटांनी चाल, जणू दोघं वाजवतायत, हा पूर्व किनाऱ्यावरचा पीडमॉन्ट ढंग, ब्लाइंड ब्लेक आणि रेव्हरंड गॅरी डेव्हिस यांचा. एकच आधारसूर घोटत, तंद्री लागेल असा ठेका म्हणजे उत्तर मिसिसिपीच्या डोंगराळ भागाचा, फ्रेड मॅकडॉवेल आणि आर. एल. बर्नसाइड यांचा. पायाने फळीवर ठोकत, आधार न बदलता बूगी: जॉन ली हूकर. स्लाइडवर वरच्या पट्टीतले तिहेरी आघात, मागे पूर्ण बँड: एल्मोर जेम्स. एका सुरावर थरथरणारा छोटा कंप, मग थांबा, मग पुन्हा एक सूर: बी. बी. किंग.

अडचण अशी की स्टुडिओतला कसलेला गिटारिस्ट यातलं काहीही हुबेहूब वाजवतो, आणि दिग्दर्शकाने मागितलेलंही तेच असतं. संकलन करताना दिग्दर्शक एखादी आवडती रेकॉर्ड तात्पुरती लावतो, तिचा परवाना परवडत नाही, मग संगीतकाराला 'असंच काहीतरी' सांगितलं जातं. तुम्हाला ऐकताना ज्याचा भास होतो तो त्या तात्पुरत्या रेकॉर्डचा असू शकतो. ढंगावरून यादी लहान करा, निकाल देऊ नका.

११. श्रेयनामावलीतली इंग्रजी ओळ नेमकी कशी वाचायची?

'रिटन बाय' म्हणजे रचना कोणाची. 'परफॉर्म्ड बाय' म्हणजे हे रेकॉर्डिंग कोणाचं. 'कर्टसी ऑफ' नंतर येते ती रेकॉर्डिंगची मालक कंपनी. 'परफॉर्म्ड बाय' नसेल आणि 'कर्टसी ऑफ'पुढे एपीएम किंवा एक्सट्रीम म्युझिक असं काही असेल, तर लायब्ररी समजा आणि प्रश्न १३ कडे जा. 'ट्रॅडिशनल, अरेंज्ड बाय अमुक' म्हणजे जुनी पारंपरिक रचना, नव्याने बसवलेली. अशी ओळ दिसली की तुमचा तुकडा तीच रचना असल्याची शक्यता तपासा, कारण बिननावाचा वाटणारा तुकडा पुष्कळदा यादीत असतो, फक्त नावावरून तो गिटारचा आहे हे कळत नाही. यादीतलं प्रत्येक गाणं एकेक करून ऐका. हा कंटाळवाणा उपाय वगळून थेट तज्ज्ञ शोधायला निघू नका.

१२. क्यू शीट म्हणजे काय? ती बघायला मिळते का?

सिनेमात वाजलेल्या प्रत्येक तुकड्याची नोंदवही: नाव, रचनाकार, प्रकाशक, कोणाचा किती टक्के वाटा, लांबी मिनिट-सेकंदात, आणि वापर कसा झाला. 'बीआय' म्हणजे पार्श्वभूमीला वाद्यसंगीत, 'व्हीआय' म्हणजे पडद्यावर वाजताना दिसणारं वाद्यसंगीत. ही शीट निर्माता मानधन गोळा करणाऱ्या संस्थांकडे देतो. अमेरिकेत आस्कॅप आणि बीएमआय, ब्रिटनमध्ये पीआरएस, भारतात आयपीआरएस.

शीट सार्वजनिक नसते, पण तिच्यातून झालेल्या नोंदी काही प्रमाणात दिसतात. आस्कॅप आणि बीएमआय यांचे शोधता येण्याजोगे माहितीसाठे सर्वांना खुले आहेत, २०२०पासून साँगव्ह्यू या एकत्रित माहितीसह. तिथे सिनेमाचं नाव शीर्षक म्हणून टाका. नुसतं नाव आणि शेवटी 'क्यूज' असं शीर्षक बऱ्याचदा निघतं. त्यावर फक्त मुख्य संगीतकाराचं नाव असेल तर दुसरा प्रकार बळावतो. एखाद्या गिटारिस्टचं नाव सहरचनाकार म्हणून दिसलं तर त्याच्या नावाने परत शोधा, त्याच्या बाकीच्या नोंदींत तुकड्याचं स्वतंत्र शीर्षक मिळू शकतं.

'३एम२' अशी नावं दिसली तर घाबरू नका. तिसऱ्या रिळातला दुसरा संगीत-तुकडा, एवढाच अर्थ. रीळ साधारण वीस मिनिटांचं धरलं तर हा तुकडा चाळीस ते साठ मिनिटांच्या दरम्यान येतो. तुम्ही लिहिलेल्या वेळेशी ताडून बघा.

छोट्या स्वतंत्र सिनेमांची नोंद कधीकधी नसतेच. अमेरिकेतली चित्रपटगृहं सिनेमातल्या संगीताच्या सादरीकरणासाठी मानधन देत नाहीत. पैसे टीव्ही, ओटीटी आणि परदेशातून येतात. जिथून पैसे येणारच नाहीत तिथे कागद भरायची घाई कोण करतो?

१३. लायब्ररी म्युझिक असेल तर कसं शोधायचं?

लंडनचं डी वुल्फ, केपीएम, अमेरिकेतलं एपीएम यांच्या संकेतस्थळांवर शैली, वाद्य, लय आणि भाव यांनुसार गाळणी लावता येते. प्रश्न ८ मधलं वर्णन इथे जसंच्या तसं कामी येतं. सिनेमाच्या वर्षानंतर निघालेले अल्बम वगळा. एकाच तुकड्याच्या अनेक आवृत्त्या असतात: पूर्ण, साठ सेकंदी, तीस सेकंदी, मुख्य गिटार काढलेली. म्हणून लांबी जुळत नाही म्हणून नाकारू नका.

इथली खरी गोम वेगळी. काही लायब्ऱ्या तोच तुकडा दुसरं शीर्षक देऊन नोंदवतात. दोघांनी दोन वेगळी नावं सांगितली आणि दोन्ही ऐकताना तंतोतंत तीच निघाली, तर दोघंही बरोबर असू शकतात.

१४. साउंडट्रॅकचा अल्बम घेतला. त्यातही नाही!

अल्बममध्ये सिनेमातलं सगळं संगीत असतंच असं नाही. याचं गिटारवाल्यांना पाठ असलेलं उदाहरण म्हणजे १९८६चा 'क्रॉसरोड्स'. गिटारिस्ट राय कूडरच्या साउंडट्रॅक अल्बमवर शेवटचा गिटारचा सामना नाहीच. तो ज्यांना हवा होता त्यांना गिटारिस्ट स्टीव्ह वायने २००२मध्ये काढलेल्या, सिनेमांसाठीच्या संगीताच्या संग्रहापर्यंत थांबावं लागलं. म्हणून सिनेमाच्या नावाने शोधून थांबू नका. संगीतकाराच्या आणि वाजवणाऱ्यांच्या नंतरच्या संग्रहांच्या याद्या डिस्कॉग्ज या रेकॉर्डच्या माहितीच्या संकेतस्थळावर चाळा. पुढे निघालेल्या वाढीव आवृत्त्याही बघा.

१५. नाव सापडलं, पण ऐकल्यावर थोडं वेगळं वाटतं. चुकलं का?

रचना बरोबर आणि रेकॉर्डिंग वेगळं, असं असणार. ब्लाइंड विली जॉन्सनने डिसेंबर १९२७मध्ये डॅलसला 'डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड' मुद्रित केलं. इटालियन दिग्दर्शक पासोलिनीच्या १९६४च्या येशूवरच्या सिनेमात ते रेकॉर्डिंगच वापरलं आहे. १९८४च्या 'पॅरिस, टेक्सस'मध्ये मात्र त्याच रचनेवर बेतलेली राय कूडरची स्लाइड आहे. दोन सिनेमे, एकच मूळ, दोन वेगळी उत्तरं.

एकाच वादकाचेही अनेक 'टेक', म्हणजे एकाच गाण्याची वेगवेगळी मुद्रणं, असतात. रॉबर्ट जॉन्सनने १९३६ आणि १९३७मधल्या सत्रांत २९ गाणी मुद्रित केली, आणि त्यातल्या अनेकांचे दुसरे टेकही उपलब्ध आहेत. कुठला टेक, हे ठरवायचं तर १९५०पूर्वीच्या रेकॉर्डसाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेचा ऐतिहासिक ध्वनिमुद्रण कोश बघा. मॅट्रिक्स क्रमांक (मुद्रणाला कंपनीने दिलेला क्रमांक) आणि टेकचा आकडा तिथे मिळतो. पडताळणी प्रश्न २० प्रमाणे करा.

१६. टीव्हीवर ऐकलेली गिटार ओटीटीवर गायब, तिथे भलतंच वाजतंय. माझ्या कानांचा दोष?

नाही. जुने करार पुष्कळदा फक्त प्रक्षेपणापुरते असत. डीव्हीडी किंवा ओटीटीसाठी नवा परवाना महाग पडला की त्या जागी स्वस्त तुकडा बसवतात. अमेरिकन मालिका 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' यासाठी कुप्रसिद्ध आहे. अशा वेळी जुनी व्हीएचएस किंवा पहिली डीव्हीडी शोधा आणि विचारताना कुठली प्रत, हे आधी सांगा. नाहीतर दोन माणसं दोन वेगळ्या तुकड्यांवर तावातावाने भांडत राहतात.

१७. पडद्यावर नट स्वतः वाजवतो. मग त्याचंच नाव धरायचं ना?

बहुधा नाही. बोटांकडे बघा: सूर वर जातो तेव्हा हात खाली सरकतोय, किंवा स्लाइडचा आवाज येतोय आणि करंगळीत नळी नाही, तर मागून दुसराच वाजवतोय. बारमधला बँड खरा असेल तर तो संगीताच्या यादीत नाही, कलाकारांच्या यादीत सापडतो, 'गिटारवादक' किंवा 'बारचा बँड' अशा भूमिकेपुढे. आयएमडीबीच्या संगीत विभागात 'गिटार' अशा नोंदीही बघा. मात्र ती माहिती वाचकांनी भरलेली असते, आणि कुठला तुकडा कोणी वाजवला हे तिथे सहसा नसतं.

१८. हिंदी सिनेमातली अशी गिटार शोधायची असेल तर?

अवघड आहे. जुन्या हिंदी सिनेमाच्या तबकड्यांवर गाणी असत, पार्श्वसंगीत क्वचितच. वादक पाळीवर येऊन वाजवत, त्यात गोव्याहून मुंबईत आलेले कितीतरी होते, आणि त्यांची नावं पडद्यावर यायची पद्धत नव्हती. गायक म्हणून ओळखले जाणारे भूपिंदर सिंग राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात गिटार वाजवत, हेही पुष्कळांना उशिरा कळलं. त्यामुळे आधी संगीतकाराबरोबर अरेंजर (वाद्यमेळ बसवणारा) कोण ते पाहा. कोणाला बोलावलं हे त्याला ठाऊक असे. आणि शाझाम हिंदीसाठीही लावाच: पार्श्वभूमीला परदेशी रेकॉर्डचा तुकडा सरळ लावून दिल्याची उदाहरणं कमी नाहीत.

१९. संगीतकाराला थेट लिहिलं तर उत्तर येतं का?

प्रश्न नेमका असेल तर येऊ शकतं. सिनेमा, प्रत, मिनिट-सेकंद, एका ओळीत प्रसंग, पंधरा सेकंदांचा दुवा आणि एकच प्रश्न: 'हे तुम्ही रचलेलं आहे की परवान्याने घेतलेलं?' वादकाचं नाव दुसऱ्या पत्रात विचारा. संगीतकारापेक्षा सिनेमाचा संगीत संकलक किंवा म्युझिक सुपरवायझर जास्त उपयोगी पडतो, कारण क्यू शीटसाठीचा तपशील त्यांच्या हाताखालून जातो. अमेरिकेत वादकांच्या युनियनच्या सत्रपत्रकांत नावं असतात, पण ती खुली नसतात. वादकाच्या घरचा पत्ता किंवा खासगी क्रमांक शोधू नका.

२०. हेच ते, याची खात्री कधी धरायची?

सिनेमातला तुकडा आणि सापडलेली रेकॉर्ड ऑडॅसिटीत एकाखाली एक ठेवा, सुरुवातीचा एक ठळक आघात जुळवा आणि वाजवा. रेकॉर्डिंग तेच असेल तर तीस सेकंदांनंतरही आघात एकमेकांवर बसतात. माणूस दोनदा वाजवेल तर पाच-दहा सेकंदांतच फट पडते. समान दराने हळूहळू सरकत असेल तर वेगाचा फरक, प्रश्न ५ वापरा. अचानक उडी पडली तर संकलकाचा कट.

मग चुका तपासा. तारेचा करकराट, ओझरता लागलेला भलता सूर, वादकाचा श्वास. सूर कोणीही नक्कल करेल, नेमक्या त्याच जागची खरड कोणी करत नाही. कानाच्या या पुराव्याला एक कागदी पुरावा जोडा, श्रेयनामावलीतला किंवा नोंदणीतला. 'कोणीतरी व्हिडिओखाली लिहिलंय' हा कागदी पुरावा नाही, मग तेच वाक्य दहा ठिकाणी चिकटवलेलं का असेना.

२१. रेकॉर्ड शंभर वर्षं जुनी निघाली. रीलमध्ये बिनधास्त वापरू ना?

रचना आणि रेकॉर्डिंग यांचे हक्क वेगळे तपासा. भारतात ध्वनिमुद्रणाला प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं आणि रचनेला रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षण असतं. अमेरिकेत १९२३ ते १९४६मधल्या ध्वनिमुद्रणांना १०० वर्षं आणि १९४७ ते १९५६मधल्यांना ११० वर्षं. म्हणजे १९२५ची तबकडी तिथे १ जानेवारी २०२६ला मोकळी होते, १९२७ची २०२८ला. रील ज्या मंचांवर टाकणार ते बहुतेक अमेरिकन आहेत, त्यामुळे भारतीय मुदत संपली असली तरी दावा येऊ शकतो. नव्याने स्वच्छ केलेल्या आवृत्तीवर स्वयंचलित दावा लागण्याचे प्रकारही होतात. शक्य असेल तर मूळ तबकडीवरून घेतलेली प्रत वापरा, आणि ती कुठून घेतली ते लिहून ठेवा. सिनेमातून कापलेला आवाज मात्र वापरू नका, त्यात सिनेमाचे हक्कही गुंतलेले असतात.